जावईबापूंचा ताप

"मावशी, खरं सांगा. आज घरून भांडून निघालात ना?"

जनावरांच्या डॉक्टरांनी हे हळूच विचारलं, तेव्हा मावशींच्या समोर तीन ससे खोक्यांतून नुसती मुंडकी बाहेर काढून बसले होते आणि तिघांनाही ताप चढला होता.

"निघाले भांडून," मावशी म्हणाल्या. "त्यात लपवायचं काय? मुलगी कॉलेजात गेली की आईला अक्कल शिकवायचीच."

सलाईनच्या कारखान्यातली ही खोली. बाटल्यांचा नवा घाणा तयार झाला की त्यातलं थोडं पाणी तीन सशांच्या कानाच्या शिरेत सोडायचं आणि मग त्यांचा ताप बघत बसायचं. चढला नाही तर माल दवाखान्यांकडे रवाना, चढला तर सगळा मोरीत. पण ससा ही भित्री जात. नुसता दचकला तरी अंग तापतं. म्हणून त्याला धरणारा माणूस शांत लागतो. मावशींनी धरलेला ससा पेंगायला लागतो अशी कारखान्यात ख्याती होती, आणि ती पसरवण्यात मावशींचा स्वतःचा वाटा काही कमी नव्हता.

सशांना नावं द्यायची नाहीत असा नियम होता. मावशींनी तो पहिल्याच आठवड्यात मोडला. आजच्या तिघांत एक भोपळ्या, एक सारखं नाक हलवणारी चौकशी, आणि तिसरे जावईबापू. कितीही करा, रुसलेले. गाजराचं टोक चालायचं नाही, मधलाच तुकडा लागायचा. मावशी त्यांना रोज चार शब्द सुनावत आणि मधलाच तुकडा देत.

भांडण झालं होतं ते याच कामावरून. मुलीच्या कॉलेजात प्राण्यांवरच्या चाचण्यांविरुद्ध सह्या गोळा करत होते. "माझी आईच ते करते, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?" ती म्हणाली. मावशींनी तिला "मग नको सांगूस" असं फटकारलं आणि दार आपटून निघाल्या. रडूही आलं होतं. कारखान्यात शिरताना डॉक्टरांनी त्यांचे लाल डोळे पाहिले होते.

आता ते खुर्ची ओढून शेजारी बसले. माणूस भला होता.

"हे बघा, सुई टोचताना तुमचा हात जड पडला असेल, ससे घाबरले असतील, तर आजची चाचणी रद्द होते. उद्या दुसरी बाटली, दुसरे ससे. या तिघांना विश्रांती. पण ताप औषधाचा असेल तर..."

पुढचं मावशींना ठाऊक होतं. औषधाने तापलेला ससा पुन्हा चाचणीला चालत नाही, आणि चालत नाही तो इथे ठेवतही नाहीत. पाळायला कुणाला द्यावा तर परवानगी नाही. ती मागायला मावशी एकदा प्राण्यांच्या चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीपुढे उभ्याही राहिल्या होत्या.

"पुढच्या वर्षी हे सगळं काचेच्या नळीत होणार आहे, माणसाच्या रक्तावर," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा जे ससे उरतील ते लोकांना पाळायला द्यायचं समितीने कबूल केलंय. म्हणून विचारतोय. मला खरंच कळत नाहीये. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

एक "हो" म्हटलं की झालं. मावशींना कुणी रागावणारही नव्हतं.

पण राग उतरेपर्यंत त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या होत्या. तळवे घासून ऊन केले, मगच आत आल्या. सुई गेली तेव्हा चौकशीने कानसुद्धा हलवला नव्हता. की हा नुसता आपला तोरा बोलतोय? आपल्या हातांना कुणी बोल लावू नये म्हणून? मावशींनी स्वतःला उलटसुलट विचारून पाहिलं. नाही. ससे घाबरले नव्हते.

उद्याची बाटली कदाचित चांगली निघेल. खोट काही प्रत्येक बाटलीत सारखी उतरत नाही. मग गाडी भरून माल जाईल आणि कुठल्या तरी खाटेवर कुणाच्या तरी शिरेत हे पाणी जाईल. तो माणूस मावशींना काही केल्या दिसेना. जावईबापू मात्र समोर, मान फिरवून बसलेले. मावशींना त्या न दिसणाऱ्या माणसाचा मनापासून राग आला.

"माझे हात शांत होते, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "औषधात खोट आहे. माल थांबवा."

डॉक्टरांनी मान हलवली. फोन करायला ते बाहेर गेले. मावशींनीही मुलीला फोन लावला.

"आज उशीर होईल गं. तीन ससे जायचेत."

"अगं मग वाचव ना त्यांना!"

"वाचवता आले असते. खोटं बोलायला लागलं असतं."

"मग?"

"मग दुसरं कुणीतरी तापलं असतं. तू म्हणतेस ते चूक नाही बाळा. पण मी काम सोडून आले असते, तरी कुणीतरी इथे बसलंच असतं."

मग मुलीने विचारलं, "मी येऊ का तिकडे?"

"आत सोडायचे नाहीत. तू जेवून घे."

डॉक्टर परतले ते झोपेचं औषध घेऊनच. "तुम्ही जा घरी," ते म्हणाले. "मी करतो."

"परक्या हातात घाबरतील."

मावशींनी एकेकाला खोक्यातून काढून मांडीवर घेतलं. भोपळ्या गेला, चौकशी गेली. जावईबापूंना शेवटी घेतलं. त्यांनी सवयीने मान फिरवली आणि तोंड मावशींच्या कोपराच्या खोबणीत खुपसलं. मावशींनी कान सरळ करून धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलला नाही.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं. "झालं, मावशी. द्या इकडे."

मावशींनी पाठीवरचा हात काढला नाही.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "अजून ताप आहे त्याला."