पेटीत पडलेला निरोप

छापील कागदाच्या कडेची ती भोकाभोकांची पट्टी — एका दमात, न तुटता निघाली की बिभीषणला उगाच बरं वाटायचं. आज ती तिसऱ्यांदा मध्येच तुटली. बोटांना घाम, आणि खोली तर थंडगार. बीडच्या या अख्ख्या कचेरीत गारवा असलेली एकच खोली, तीही कंप्युटरच्या यंत्रासाठी… बाहेर लोक चपला काढून तापलेल्या फरशीवर उभे, आणि आपण इथं दोन कागद समोर घेऊन बसलोय.

एक कागद मुंबईचा : कंप्युटरवरच्या संदेशवहनातल्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द सुचवा. दुसरा साहेबांचा : वस्तीवर टँकर वेळेत का गेला नाही, संध्याकाळपर्यंत खुलासा द्या.

मुंबईच्या कागदात संदेशाच्या वाटेवरचे सात थर — सगळ्यात खाली तार, आणि तिथून वर वर चढत येणारा संदेश. सातही मोजले तरी माणूस कुठंच येत नाही, हे लिहिणाऱ्याला दिसलं नसेल काय? पुढं ‘वितरण-सूचना’ : संदेश पलीकडच्या पेटीत पडला. तिच्याखाली ‘वाचन-सूचना’ : तो कुणीतरी उघडून वाचला. दोन वेगळ्या ओळी, दोन वेगळ्या गोष्टी. आणि मला ठाऊक नव्हतं म्हणू? प्रशिक्षणात मीच तर शिकवलं सगळ्यांना, खडू हातात घेऊन, मोठ्या ऐटीत!

पंधरा दिवसांपूर्वी, त्या गुरुवारी राधाकिशन आला होता, धारूरच्या डोंगरातल्या वस्तीवरचा. चार दिवस टँकर नव्हता. टँकर सहकारी साखर कारखान्याचे. साहेबांनी मजकूर दिला, बिभीषणनं तो कारखान्याला पाठवला. पडद्यावर वितरणाची ओळ उमटली. दारातल्या राधाकिशनला तो म्हणाला, “पोचला निरोप. उद्या टँकर येतो. जा निवांत.”

कारखाना उसावाचून बंद पडलेला, निरोपाचं यंत्र तेवढं चालू. तिथला ऑपरेटर उत्तरेश्वर फक्त सोमवारी यायचा, आठवड्याचे निरोप एकदम छापून टेबलावर ठेवायचा. हेही ठाऊक होतं की! पण बाहेर रांग होती… आणि तो माणूस हात जोडून उभा होता, त्याला काहीतरी चांगलं सांगावंसं वाटलं, बस.

वस्ती टँकरच्या भरवशावर थांबली. पाण्यासाठी दूर नदीवर जाणाऱ्या बैलगाड्या त्यांनी जुंपल्याच नाहीत. शनिवारी राधाकिशनची बायको भिवराबाई वाटीनं पाणी खरवडायला विहिरीत उतरली, आणि वरून कड ढासळली.

खुलाशाला वितरणाची ती ओळ जोडली की झालं. तारीख, वेळ, सगळं आहे. खोटं एक अक्षर नाही. अडकेल तो उत्तरेश्वर. ‘जा निवांत’ कुठल्याच कागदावर नाही.

“साहेब, आत येऊ का?”

राधाकिशन. डोकं भादरलेलं. बिभीषण ताडकन उठला. आता हा गचांडी धरणार… धर बाबा, धर एकदाची.

“काल तेरावं झालं,” राधाकिशन म्हणाला. “वरच्या साहेबांकडं जबाब द्यायला आलतो. म्हनलं तुमाला भेटून जावं.”

“काय… काय दिला जबाब?”

“हाय ते सांगितलं. घरची लई इचारीत होती, खरंच येतंय का म्हून. म्या म्हनलो, अगं, कंप्युटरनं सांगितलंय, खोटं कशाला आसंल? तेच लिवून दिलं. कंप्युटर चुकला. तुमी तर बिचारे लई चांगलं बोलला होता.”

मी बोललो, राधाकिशन. यंत्र नाही, मी. शब्द दातांपर्यंत आले होते.

“पाणी घेता का?” बिभीषण म्हणाला.

राधाकिशननं ग्लास घेतला, उभ्यानंच सगळा रिकामा केला, आणि एस्टी चुकंल म्हणत निघून गेला.

बिभीषण खुर्चीत बसला. छातीवरचा दगड उतरला होता, श्वास कसा मोकळा येत होता… सुटलो! अगदी स्पष्ट, आपल्याच आवाजात. शी! बाई गेली, नवरा येऊन मलाच चांगलं म्हणून गेला, आणि मी सुटलो म्हणतोय? त्याला स्वतःची किळस आली, भीती वाटली. खुलाशाचा कागद कोराच होता. पण पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली होती, अगदी कडकडून.