टिबुकलीच्या घरट्यासमोर

“नीघ आता. आणि जाताना नीट दिसेलशी जा,” विष्णू आतून कुजबुजला.

गिरिजा तंबूचं मागचं कापड सारून बाहेर आली, लाल कोट झटकला आणि दोनदा खोकली. मग पाणथळीवर टाकलेल्या फळ्यांवरून पाय आपटत काठाकडे निघाली. “येते हं मी!” असं तिने तळ्याला मोठ्याने सांगितलंही. कार्डिफच्या उत्तरेकडच्या त्या तळ्यातल्या पक्ष्यांना मराठी कळायचं काही कारण नव्हतं, पण सवयच पडली होती.

पक्ष्यांना मोजता येत नाही, या एका गोष्टीवर विष्णूचा सगळा नाद उभा होता. घरट्यासमोर लव्हाळ्यांच्या दाटीत तो कापडी तंबू रोवायचा. तिथले लोक त्याला हाइड म्हणत. एकटा माणूस हाइडमध्ये शिरला, की पक्षी ते लक्षात ठेवतो आणि तासन्‌तास घरट्याकडे फिरकत नाही. दोघं शिरली आणि एक जण डोळ्यांदेखत निघून गेला, की त्याला वाटतं, गेली ब्याद. तो निवांत येऊन अंड्यांवर बसतो. म्हणून आत बसणाऱ्याला एक जाणारं माणूस लागतंच. मुलगी मीनल शाळेत जायला लागली तेव्हापासून विष्णूचं जाणारं माणूस म्हणजे गिरिजा. लायब्ररीत त्याचे फोटो लागले, पक्षीमंडळाच्या अंकात छापून आले, खाली नाव विष्णूचं. जाणाऱ्याचं नाव कुठे छापतात? गिरिजाला त्याचं कधीमधी वाईट वाटे, पण शाळेच्या किचनमध्ये पोरांना जेवण वाढून आल्यावर वाईट वाटून घ्यायलाही अंगात जीव लागतो.

आज मात्र तिला जायचंच नव्हतं.

ख्रिसमसच्या आधी विष्णूला हार्ट ॲटॅक येऊन गेला होता. तो कामाला होता त्या एक्स-रे डिपार्टमेंटच्या डार्करूममध्ये उभ्याचा आडवा झाला. हॉस्पिटलमध्येच होता म्हणून वाचला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, दगदग नको म्हणून बजावलं होतं. कोंदट तंबूत दुमडून बसणं हे चालण्यात मोडतं की दगदगीत, हे विष्णूने डॉक्टरांना विचारलं नाही. गिरिजाने विचारू नये याचीही काळजी घेतली.

काल संध्याकाळी ग्लासगोहून मीनलचा फोन आला होता.

“आई, बाबा अजून त्या तंबूमध्ये बसतो? आर यू सीरियस? तू त्याला स्टॉप का नाही करत?”

“तू सांगून बघ. माझं कधी ऐकलंय त्यांनी?”

“मी सांगितली ना! तो म्हणतो, एकच फोटो राहिली. वन मोअर, मग बंद.”

तो एक फोटो म्हणजे तुरेवाल्या टिबुकलीचा. तिथले लोक तिला ग्रीब म्हणतात. ही बया पाण्यावर तरंगतं घरटं बांधते आणि पिल्लू अंड्यातून निघालं रे निघालं, की ते ओलंकच्च पोर आईच्या पाठीवर चढून बसतं. ते चढतानाचं चित्र विष्णूला हवं होतं. दोन उन्हाळे हुकले होते. एकदा पाणी चढलं, एकदा कावळ्याने अंडी नेली. आंबेडकर जयंतीला बर्मिंगहॅमच्या हॉलमध्ये त्याने स्लाइड्स दाखवल्या, तेव्हा लोक जेवणाच्या रांगेकडे डोळे लावून बसले होते. तरी त्याने माइकवरून जाहीर केलं होतं, “पुढच्या वर्षी पिल्लू पाठीवर चढताना दाखवतो. जय भीम.” जाहीर केलेल्या गोष्टीतून माघार घेणारा तो माणूस नव्हता.

आणि आज सकाळी गाडीत तो सारखा जबडा चोळत होता.

“काय होतंय?” गिरिजाने विचारलं.

“दाढ. तू आता दाढेचंही हॉस्पिटल करू नकोस.”

ठरलं होतं ते असं. काही झालं तर तो बाजूच्या फटीतून पांढरा रुमाल बाहेर काढणार. रुमाल दिसल्याशिवाय तिने यायचं नाही. आली तर टिबुकली बुडी मारून पळणार, घाबरून पळताना अंडी पाल्याने झाकणार नाही, आणि कावळा समोरच्या विलोच्या झाडावर टपलेलाच आहे.

गिरिजा फळ्यांपलीकडे काठावरच्या बाकावर जाऊन बसली आणि दुर्बीण डोळ्याला लावली. टिबुकली आली. मान उंच करून तिने इकडे तिकडे पाहिलं आणि घरट्यावर चढली. तंबूच्या कापडातून कॅमेऱ्याचं लांब नळकांडं बाहेर आलं होतं. पक्षी हलला की ते हळूच त्याच्यामागे वळायचं. इतक्या वर्षांत त्या नळकांड्याच्या वळण्यावरून तिला नवऱ्याचा मूड कळायला लागला होता.

आज ते वळत नव्हतं.

टिबुकली उठली, अंडी उलटीपालटी केली, पुन्हा बसली. तिचा जोडीदार चोचीत पाला घेऊन आला. असल्या वेळी विष्णू हावरटासारखा फोटो काढत सुटायचा. नळकांडं मात्र होतं तिथेच, जरासं खाली झुकलेलं. गिरिजाने दुर्बीण फटीवर नेली. रुमाल नव्हता. म्हणजे सगळं ठीक, असं तिने स्वतःला सांगितलं. थर्मासमधला चहा ओतला आणि तसाच ठेवला. पिल्लू निघायची वाट बघत निश्चल बसला असेल. उगाच धावत गेले तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात घातली म्हणून महिनाभर बोलणार नाही. न बोलणारा विष्णू कसा असतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ती पुन्हा बघायची, पुन्हा स्वतःला सांगायची. आणि मग एकदम तिच्या डोक्यात आलं, रुमाल काढायला हात तर चालायला हवा ना!

ती उठली ती धावतच सुटली. फळ्या धडाधड वाजल्या, टिबुकली बुडी मारून दिसेनाशी झाली. गिरिजाने तंबूचं कापड ओढलं. विष्णू स्टुलावर बसून खांबाला डोकं टेकून होता. त्याने डोळे उघडले.

“काय गं? कशाला आलीस?”

जिवंत आहे, हे एवढंच तिला आत कुठेतरी धडधडत ऐकू येत होतं. मग लाज वाटली. धडधाकट बसलेल्या माणसासाठी आपण हे काय करून ठेवलं!

“तुमचा कॅमेरा हलत नव्हता. मला वाटलं…”

“डोळा लागला जरा.” त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. “उकडतंय आत. दुसरं काही नाही.”

“खरं सांगा.”

“खरंच सांगतोय. हे बघ, इकडे बघ आधी.” त्याने तिला पुढच्या फटीशी ओढलं. घरट्यातल्या एका अंड्याला भोक पडलं होतं आणि त्यातून इवलीशी चोच आत-बाहेर होत होती. “सुटतंय ते. आणि आईला तू पळवलीस.”

विलोवरचा कावळा एक फांदी खाली उतरला. दोघांनीही ते पाहिलं.

“चला, दोघंही जाऊ,” गिरिजा म्हणाली. “घरी चला. ती येईल आपली आपण.”

“मी जातो. मला जरा हवा पाहिजेच आहे. तू बस.”

“मी? मला काय येतंय त्यातलं?”

“यायचं काय त्यात? नेम धरून ठेवलाय, तू हे बटण दाबायचं. पिल्लू पाठीवर चढायला लागलं की दाबत राहा.” त्याने वायरच्या टोकाचं बटण तिच्या मुठीत दिलं आणि मूठ मिटली. त्याचा हात गार होता. इतक्या उकाड्यात गार कसा, हे तिला जाणवलं. पण दोन मिनिटांपूर्वीच तिने मूर्खपणा केला होता. पुन्हा काही बोलायला तिची जीभ रेटेना.

“अहो, पुढच्या वर्षी काढा ना.”

“पुढच्या वर्षाचं कोणी बघितलंय, गिरिजा?” तो वाकून बाहेर पडता पडता थांबला. “आणि इतकी वर्षं तू नुसती जातच आलीस. एकदा बसून बघ तरी.”

तो निघाला. तिच्यासारखाच फळ्यांवर पाय आपटत, मुद्दाम खोकत. गिरिजाला हसू आलं. डावा हात त्याने खिशात घातला होता, ते मात्र तिला आवडलं नाही.

टिबुकली पाण्यातून आवाज न करता वर आली. इतक्या जवळ की तिच्या तुऱ्यावरचे थेंब दिसत होते. डोळा लाल, रत्नासारखा, आणि तो थेट गिरिजाकडे रोखलेला. गिरिजाने श्वास धरला. टिबुकली घरट्यावर चढली, फुटक्या अंड्याकडे मान वाकवून तिने कसलातरी बारीक आवाज काढला. अंड्यातूनही तसाच, त्याहून बारीक आवाज आला. पोटातल्या मुलीशी आपण बोलायचो ते गिरिजाला आठवलं. हे असं असतं होय! हे सोडून हा माणूस घरी कसा बसेल? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला नवऱ्याचा राग आला नाही, हेवा वाटला.

कवच दुभंगलं. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं, मुठीत मावेल एवढं पोर बाहेर लोळलं आणि आईच्या पिसांत तोंड खुपसून धडपडू लागलं. गिरिजाचा अंगठा बटणावर होता.

बाजूच्या कापडात रुमालासाठी ठरलेली ती फट होती. आता तरी बाकावर टेकला असेल, म्हणून तिने सहज तिकडे पाहिलं.

विष्णू बाकापर्यंत पोचला होता. एका हाताने बाकाची पाठ धरून उभा होता, बसत नव्हता. मग खाली बसला, पण बसल्यासारखा नाही, हात सुटल्यासारखा. डोक्यावरची टोपी गवतात पडली. गिरिजा वाट बघत राहिली. तो टोपी उचलायला वाकला नाही.

इकडे पिल्लाने आईच्या पंखाखाली पाय रोवला होता. टिबुकलीने पंख जरासा सैल केला, त्याला वाट करून दिली. पोर घसरलं, पुन्हा चढू लागलं. बटण गिरिजाच्या हातात होतं, नुसतं दाबायचं होतं. तिने ते टाकलं आणि मागचं कापड फाडल्यासारखं सारून ती बाहेर पडली.

मागे पाण्यात धपकन्‌ आवाज झाला. फांदीवरून पंखांची फडफड खाली आली. तिने वळून पाहिलं नाही. फळ्या संपल्या, चिखल आला, एक बूट त्यात रुतून राहिला. तो राहू दिला.

बाकाजवळ कुत्र्याला फिरवायला आलेली एक म्हातारी बाई विष्णूवर वाकली होती. गिरिजाला पाहताच ती म्हणाली, “तू बस याच्याजवळ, डिअर, मी फोन करते,” आणि कुत्र्याला ओढत कार पार्ककडच्या फोन बॉक्सकडे तरातरा निघाली.

विष्णूचा चेहरा राखेसारखा झाला होता. गिरिजा त्याच्या शेजारी बसली, त्याचं डोकं तिने खांद्यावर घेतलं.

“दाढ नव्हती ना ती?” तिने विचारलं.

“नव्हती.” तो ओठांतल्या ओठांत बोलत होता. “तू… का आलीस? चढलं का ते?”

“चढलं.”

“दाबलंस?”

“दाबलं की. चांगलं दाबत राहिले.”

“मग आई… बसलीय ना?”

“बसलीय. पोराला पाठीवर घेऊन बसलीय अगदी. तुम्ही बोलू नका आता.”

तळ्यावर टिबुकली ओरडायला लागली होती. घशातून खरखरीत, तुटक, थांबून थांबून. कावळ्याच्या आवाजाने तिला उत्तर दिलं. दुसऱ्या कुणाला ते नुसते पक्ष्यांचे आवाज वाटले असते, पण विष्णूला त्यातला प्रत्येक आवाज कशाचा, ते कळत होतं. त्याच्या कपाळावर आठी उमटली. मान तळ्याकडे वळवायला लागला.

“काय… ओरडतंय…”

“काही नाही ओरडत.” गिरिजाने घाईघाईने गळ्यातला लोकरी स्कार्फ सोडला. ऊन लख्ख पडलं होतं, विष्णूचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. तिने स्कार्फ त्याच्या डोक्यावरून घेतला, दोन्ही कान झाकून हनुवटीखाली घट्ट बांधला, आणि वर आपले दोन्ही तळवे दाबून धरले.