वीस फुटांवरचा तक्ता

मंगळवार, १२ ऑक्टोबर १९३७. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. ब्रॅकनशॉ या कापडगिरणीच्या गावातल्या मिल लेन शाळेत त्रेचाळीस मुले डोळे तपासून घेण्यासाठी रांगेत उभी होती. मी, सायलस ऑर्मरॉड, त्या शाळेत सुतारकाम शिकवीत असे. भिंतीवरच्या अक्षरतक्त्यापासून वीस फूट मोजून जमिनीवर खडूची रेघ मीच ओढली होती.

साडेदहापर्यंत अठ्ठावीस मुलांनी तो तक्ता तळच्या ओळीपर्यंत बिनचूक वाचला. जिल्ह्याच्या नर्स मिस कॅटलो यांनी पेन्सिल थांबवली.

"काय हो मिस्टर ऑर्मरॉड, शाळेत मुलं घेता की घारी?"

मुख्याध्यापिका मिस एन्टविसल समाधानाने हसल्या. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या आरोग्ययादीत चर्चची शाळा आमच्या वर होती आणि ते त्यांच्या जिव्हारी लागले होते. तपासणीत मुले बुजू नयेत म्हणून या तक्त्याची नक्कल करून द्या, असे त्यांनी मला सप्टेंबरात सांगितले होते. तंत्रविद्यालयात शिकलेल्या पद्धतीने, प्रत्येक अक्षर मोजपट्टीने आखून, मी ती शाईत उतरवली. वर्गात रोज पाढ्यांमागून तिची घोकंपट्टी होई. आपले काम भिंतीवर मिरवते आहे, एवढेच मला दिसत होते.

मग हेटी ॲस्पिनॉल रेघेवर आली. वय अकरा. तोंडी घातलेले कोणतेही गणित ती क्षणात सोडवी. फळ्यावरचे मात्र हमखास चुके. तिनाचा आठ करी. डोळे चांगले ठरले, तर ही पोर निष्काळजी, म्हणून शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीतून तिचे नाव कमी होणार होते. यादी शुक्रवारी जायची होती. मग चौदाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत आईशेजारचा माग ठरलेलाच.

हेटी घडाघडा म्हणत होती. मधेच नर्सबाईंची पेन्सिल पडली. ती उचलायला त्या वाकल्या आणि त्यांच्या टोपीने खालच्या दोन ओळी झाकल्या. हेटी थांबली नाही. दोन्ही ओळी तिने अचूक म्हटल्या.

मी पुढे झालो. "नर्सबाई, ही तपासणी रद्द करा. पोरांना तक्ता पाठ आहे. नक्कल माझ्या हातची."

"ऑर्मरॉड," मिस एन्टविसल हळू आवाजात म्हणाल्या, "शाळेची अब्रू जाईल."

"अब्रू पुढच्या वर्षी कमावू, बाई. यादी शुक्रवारी जाते."

नर्सबाईंनी आधीच्या नोंदी खोडल्या. मी कार्यशाळेत गेलो. एका फळीला पाच खाचा पाडल्या आणि त्यांत सरकतील अशा अक्षरांच्या पट्ट्या बसवल्या. प्रत्येक मुलामागे ओळ बदलता यावी, म्हणून. पन्नास मिनिटे लागली. मुले पुन्हा पहिल्यापासून रांगेत लागली.

हेटी वरचे मोठे अक्षर वाचून गप्प झाली.

"पुढची ओळ वाच ना, पोरी," नर्सबाई म्हणाल्या.

"ही ओळ आम्हाला अजून शिकवलेली नाही, मिस."

रांग खिदळली. मिस एन्टविसल हसल्या नाहीत. त्यांनी नर्सबाईंच्या हातची पेन्सिल मागून घेतली आणि हेटीच्या नावापुढे 'चष्मा हवा' असे स्वतः लिहिले. अशी नऊ नावे निघाली. शुक्रवारच्या यादीत हेटीचे नाव राहिले.

चष्मे तीन आठवड्यांनी आले. गोल काचा, तारेच्या काड्या. हेटीने चष्मा चढवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"सर, गिरणीच्या धुराड्यावर अक्षरं आहेत. कधी काढली?"

"तुझ्या जन्माआधी."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

त्या वर्षी आरोग्ययादीत आमची शाळा सर्वांत खाली होती. मिस एन्टविसल यांनी ती यादी चौकटीत बसवून मागितली. मी ओकचे लाकूड वापरले आणि कोपरे खिळ्याविना सांधले. ती दर्शनी दारात टांगली गेली. चर्चच्या शाळेचे मुख्याध्यापक पाहायला आले, तेव्हा बाई ताठ मानेने म्हणाल्या, "आमची नऊ सापडली. तुमची किती?" पुढच्याच आठवड्यात ते माझ्याकडून सरकती फळी घेऊन गेले.

मार्चमधील शिष्यवृत्ती परीक्षेत फळ्यावर बारा गणिते लिहिली होती. हेटीची बाराही बरोबर आली.