आठ रांजण सिरका

दारूबंदी येऊन चार वर्षं झाली होती. कळंबच्या मेहबूबबीच्या घरामागं उसाच्या रसाचे नऊ रांजण उन्हात उभे होते, तोंडाला फडकी बांधलेले. रस आधी फसफसायचा, मग त्याला दारूचा दर्प यायचा आणि अडीच-तीन महिन्यांनी तो आंबून त्याचा सिरका व्हायचा. बारामतीचा एक लोणचेवाला दरसाल तो उचलायचा. नवरा गेल्यापासून मेहबूबबीचं आणि तिच्या सुनेचं, जरिनाचं, घर त्यावरच चालत होतं.

मधल्या दिवसांतला रस मेहबूबबी जिभेला लावत नसे. धर्मात ते बसत नव्हतं. ती रांजणाला कान लावायची, वास घ्यायची. आतली फसफस थांबून वास नाकाला झोंबायला लागला, की मगच थेंबभर चाखायची.

फाल्गुनात कुणीतरी तक्रारीचा अर्ज केला आणि फौजदार मोहनराव दोन शिपाई घेऊन दारात आले. कडेच्या रांजणाचं फडकं सोडून ते वाकले आणि झटकन मागं सरले.

"बाई, ही दारू आहे."

"व्हय साहेब, ह्या एका रांजणात हाय. मागनं भरलाय तो. म्हैनाभरानं त्याचा बी सिरका हुईल. बाकी आठांत दारू न्हाय."

मोहनरावांनी आणखी दोन रांजण हुंगले. "मला तर सगळे वास सारखेच वाटतात."

"मग चाखून बघा."

"मी जन्मात दारू चाखली नाही. मला काय कळणार?" मोहनरावांनी खूण केली. शिपायांनी काठ्या उचलल्या.

मेहबूबबी रांजणांपुढं जाऊन उभी राहिली. "फोडायचं तर फोडा. पण आधी पंचनामा करा. दोन्हीची चव ठावी असलेला माणूस बोलवा. तो सांगंल ते मला कबूल."

मोहनरावांनी हातानंच शिपायांना थांबवलं. "उद्या दुपारपर्यंत तसा माणूस उभा करा. नाहीतर नऊही फुटतील." एक शिपाई पहाऱ्याला ठेवून ते गेले.

मेहबूबबी घरोघर फिरली. बाजाराच्या दिवशी झोकांड्या खात येणारेसुद्धा म्हणाले, "आमाला काय ठावं तिची चव?" ती घरी आली तेव्हा जरिना हळूच म्हणाली, "अम्मा, शिपाई जेवायला गेला की तेवढा एक रांजण वतून देऊ."

"साहेबाला मी सांगितलंय, हाय म्हणून. आता वतला तर बाकीच्या आठांवर कोण इस्वास ठेवंल?"

ती तशीच कुंडलिकतात्याच्या मळ्यात गेली. कुंडलिक एके काळी पक्का पिणारा. सात वर्षांपूर्वी त्यानं दारू सोडली होती आणि आता गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. तो कांद्याला पाणी देत होता. त्याची बायको भागूबाई खुरपत होती.

"तात्या, तुमाला ती चव ठावी हाय."

"भाबी, त्याचं नाव नका काढू."

"नाव काढायलाच आले. दुसरं कुणी कबूल करत न्हाय."

कुंडलिकनं फावडं टेकवलं. "लोकांचं काय न्हाय वो. जिभंला पुन्ना लागली तर? मलाच माझा भरवसा न्हाय."

मेहबूबबी बांधावर बसली. ती म्हणाली, "त्या रांजणाला तोंड लावायला मी सांगत न्हाय. तो मी दावीन. तुमी फकस्त आठ चाखा. जमणार नसंल तर न्हाय म्हणा. मी राग धरणार न्हाय."

भागूबाई खुरपं घेऊन उठली. "मी संगं येते," ती नवऱ्याला म्हणाली. "हात धरून उभी ऱ्हाते."

पण दुसऱ्या दिवशी मोहनरावांनी वेगळंच केलं. त्यांनी नऊ वाट्या मागवल्या, तळाला खडूनं आकडे घातले, प्रत्येकीत एकेका रांजणातलं काढलं आणि वाट्यांच्या जागा बदलल्या.

"साहेब, हे न्हाय चालायचं," मेहबूबबी म्हणाली. "मी तात्यास्नी सबूद दिलाय."

"ओळखीचा रांजण दाखवला तर परीक्षा कसली?"

कुंडलिक पुढं झाला. "असू द्या भाबी. आधी वास घेईन."

पहिल्या वाटीचा वास घेऊन त्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकला. "सिरका. जरा पातळ हाय."

"व्हय. तो ऊस पाणथळातला व्हता," मेहबूबबी म्हणाली.

दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी तो पाण्यानं चूळ भरायचा. पाचवीला त्याचा चेहरा उजळला. "हा झ्याक. आंबट, पन मागनं गुळाची चव येतिया."

सहावी वाटी त्यानं नाकाशी नेली आणि तो थांबला. वाटी ओठांच्या जवळ होती. भागूबाईनं त्याचा दुसरा हात घट्ट आवळला. मग कुंडलिकनं वाटी खाली ठेवली.

"ही दारू."

"चाखली नाहीत तुम्ही," मोहनराव म्हणाले.

"साहेब, हिला वळखायला मला चाखावं लागत न्हाय."

मोहनरावांनी वाटी उचलून खालून पाहिली. तळाला नऊचा, त्या कडेच्या रांजणाचा, आकडा होता. कुंडलिकचं कपाळ घामानं भिजलं होतं. पाणी पिऊन त्यानं उरलेल्या तीन वाट्याही चाखल्या. तिन्ही सिरका.

पंचनाम्यात आठ रांजण सिरका लिहिला गेला. नवव्याकडं शिपाई काठी घेऊन निघाला, तशी मेहबूबबी आडवी आली. "रांजणानं काय केलंय? मी वतते." तिनं आणि जरिनानं तो कलंडवला. दीड-दोन महिन्यांची मेहनत मोरीतून वाहून गेली. तिला वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

"पुढच्या खेपेला रस भरायच्या आधी कचेरीत अर्ज करा," मोहनराव म्हणाले. "मीच बघायला येईन."

"करते. अर्ज कसा लिवायचा तेवढं सांगा."

कुंडलिक उंबऱ्यावर बसला होता, भागूबाई त्याच्या शेजारी. मेहबूबबीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"तात्या, लई तरास दिला मी तुमाला."

"व्हय," कुंडलिक म्हणाला. मग त्यानं तांब्या उचलला. "पर वाटी खाली ठेवता येती, ते आज कळलं."