पुढे आवाज नाही

अक्षताच्या घरात तिच्याशी नीट बोलणारं माणूस एकच, मीनावहिनी. बाकीच्यांचं काय सांगावं. बाप शिवाजीराव तोंडात तंबाखू धरून बोलणार, भाऊ प्रेम मोबाईलमध्ये डोकं घालून बोलणार, आणि आई कांताबाई पाठ करून बोलणार, वर म्हणणार, हिला मेलीला दहादा सांगावं लागतं. अरे बाबांनो, पोरीचे कान सातव्या वर्षी तापात गेले, ती तुमचे ओठ बघून ऐकते, एवढं पंधरा वर्षांत कळू नये? मग चिडली की अक्षता डोळे मिटून घ्यायची. एकदा डोळे मिटले की तिला कोणी काही सांगूच शकत नसे. वहिनी लग्न होऊन आली, आठ दिवस हे बघितलं, आणि एका दुपारी समोर बसून अक्षताची हनुवटी वर करून सावकाश म्हणाली, "आपण भांडू तवा भांडू. पण माझ्यापुढं डोळे मिटायचे न्हाईत." अक्षतानं कबूल केलं, आणि सहा वर्षं पाळलं.

वाटूर गावातल्या त्या घरात बसून अक्षतानं विद्यापीठाचा बियाण्यांचा डिप्लोमा धरला तो वहिनीच्याच जिवावर. तिला एकच गोष्ट हवी होती, नवीन जालन्यातल्या एखाद्या बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये काम. ओल्या कागदात दाणे ठेवायचे, किती उगवले ते बघायचं. त्याला कान लागत नाहीत. तास व्हिडिओवर बघायचे असत. शिकवणारे राजानंद सर भला माणूस, पण त्यांच्या मिशा अशा की ओठ हुडकावे लागत. ऐकू न येणाऱ्यांसाठी विद्यापीठ व्हिडिओखाली अक्षरं टाकायचं, आणि ती लिहायचं काम वहिनीनं स्वतः मागून घेतलं.

नियम एकच होता. जे जे ऐकू येईल ते ते लिहायचं, बोलणं सरळ आणि बाकीचे आवाज कंसात. वहिनी नियमाची लई पक्की. [सर खोकतात]. [बाहेर एसटीचा हॉर्न]. एकदा तर [मागच्या बाकावर कोणीतरी हसतं] असं आलं, तेव्हा अक्षतानं विचारलं, कोण हसलं, कशाला? वहिनीनं पुन्हा हेडफोन लावून तो हसणारा शोधून काढला. जिनं सरांचा खोकलासुद्धा सोडला नाही, तिच्या लिहिण्यावर शंका घ्यायची कशाला?

परीक्षा आठ दिवसांवर आली. सोमवारी दुपारी अक्षता उगवण तपासणीचा तास दुसऱ्यांदा बघत होती. शेवटाला कंसात लिहिलं होतं, [पुढे आवाज नाही]. मागच्या खेपेला तिनं तिथंच बंद केला होता. आज फळ्यावरचा तक्ता उतरवायचा म्हणून चालू ठेवला, आणि उतरवता उतरवता तिचा हात थांबला. सरांच्या मिशा हलत होत्या. बरं, हलू देत. पण समोरच्या बाकांवरची पोरं एकदम खाली वाकली आणि लिहायला लागली. पहिल्या बाकावरच्या, मेसेजवर ओळख झालेल्या अर्पितानं तर वही उघडायची वाट न बघता तळहातावर लिहून घेतलं. आवाजच नाही तर ही मंडळी लिहून काय राह्यलीत?

ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेली. वहिनी ज्वारी निवडत होती.

"वहिनी, इथं सर काय म्हणून राह्यले?"

वहिनी सुपात बघूनच काहीतरी बोलली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती खाली मान घालून अक्षताशी बोलली.

"वर बघून सांग."

"माइक बंद पडला असंल," वहिनी म्हणाली. "मला काईच ऐकू न्हाई आलं."

अक्षता बाहेर ओट्यावर आली आणि तिनं अर्पिताला मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं. "माइक बराबर चालू व्हता की. जालन्याच्या कंपनीतल्या मुलाखतीचं सांगितलं सरांनी. शनिवारपर्यंत नाव द्यायचं व्हतं. तू का न्हाई दिलं?"

मग तिनं सरांना विचारलं. सरांनी लिहिलं, "यादी शनिवारीच गेली. आता काही करता येणार नाही. मला वाटलं, तुला जायचं नसेल."

अक्षतानं ते तीनदा वाचलं. तिला रडू आलं नाही, संताप आला. आईनं केलं असतं, बापानं केलं असतं, तर ती चार दिवस आदळआपट करून मोकळी झाली असती. त्यांच्याकडून तिला कधी काही नकोच होतं. फसवलं कोणी, तर जिच्या कानांनी ती ऐकत होती तिनं.

ती परत आत गेली आणि फोन वहिनीपुढं धरला. वहिनीनं वाचलं. सूप बाजूला ठेवलं.

"आधी लिहिलं व्हतं मी," ती म्हणाली. "मंग पुसलं."

"कोणी सांगितलं पुसायला? बाबांनी?"

"कोणीबी न्हाई."

"मंग का?"

वहिनीचे ओठ थरथरत होते, तरी शब्द तिनं एकेक करून नीट काढले. सवयच ती. "तू जालन्याला गेल्यावर मला या घरात कोण हाय? तुझा भाऊ मान वर करत न्हाई. सासूबाई पाठ करून बोलत्यात. माझ्याकडं बघून बोलणारी तू एकली."

खोटं नव्हतं ते. म्हणून तर अक्षताचा जीव जास्त जळाला. ज्या एकलेपणातून तिला एकटीला निघायची वाट मिळाली होती, त्यातच हिनं तिला सोबतीला ठेवून घेतलं होतं, आणि तेही न विचारता.

"बस," तिनं लॅपटॉप वहिनीच्या मांडीवर ठेवला. "लिही."

"आता लिहून काय उपयोग, अक्षे?"

"नियम हाय ना तुझा. लिही."

वहिनीनं हेडफोन लावले. थांबत, मागं जात, ती टाइप करत गेली, आणि अक्षता शेजारी बसून एकेक ओळ उमटताना बघत राहिली. दोन जागा आहेत. एक जागा ऐकू न येणाऱ्या उमेदवारासाठी आहे. कंपनीच्या वसतिगृहात राहायची सोय आहे. शनिवारपर्यंत नावं द्या.

इथं वहिनीचा हात थांबला. अक्षतानं बोटानं पडद्याकडं दाखवलं. सर अजून बोलत होते. वहिनीनं पदरानं डोळे पुसले आणि पुढची ओळ लिहिली.

अक्षता, तुला हे वाचायला मिळेल म्हणून मुद्दाम तासातच सांगतोय. जागा तुझ्याच कामाची आहे. तुझ्या निरोपाची वाट बघतो.

आणि खाली, सवयीनं, कंसात: [सर थोडा वेळ थांबतात].

वहिनीनं हेडफोन काढले. लॅपटॉप खाली ठेवला, सरकून अक्षताच्या समोर बसली, दोन बोटांनी तिची हनुवटी वर केली आणि सावकाश, नीट दिसेल असं बोलायला तोंड उघडलं.

अक्षतानं डोळे मिटून घेतले.