मुरमाचा आवाज

भडगावपासून गिरणेच्या काठाने तीन-चार मैल वर गेलं की लागणाऱ्या एका गावात चिंधा गवंडी राहायचा. गाव त्याला चिंधानाना म्हणायचं, आणि त्याच्या हातापेक्षा त्याच्या कानावर लोकांचा भरवसा जास्त होता.

त्याला कारण होतं तिथली काळी माती. ही माती उन्हाळ्यात दगडासारखी होते. इतकी भेगाळते की कोपरापर्यंत हात आत जावा. पावसाळ्यात तीच पाणी पिऊन फुगते, वरचं ओझं उचलून धरते, आणि वाळताना ते पुन्हा जागच्या जागी ठेवत नाही. म्हणून भिंत असो की वीतभर उंचीचा ओटा, पाया मुरमावर बसवायचा, हा चिंधानानाचा नेम. चर दोन हात खोल गेला की तो चारी कोपऱ्यांत पहार सोडायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा. मुरूम वीतभरावर आला असेल तर वरून दगड टाकून धुमसाने ठेचायचे. ते मातीतून उतरून मुरमावर जाऊन बसतात. नाही तर आणखी खोदायचं.

"मुरूम खरखरस," तो शिकाऊ गवंड्यांना सांगायचा. "वाळेल भाकर मोडावर कसा आवाज येस, तसा. टण वाजना तो दगड. दगडवर भुलो नका."

अडुसष्ट सालच्या चैत्राच्या अखेरीस तो पितांबरच्या दारात ओटा बांधत होता. पितांबरची आई भिकुबाई सगळ्या आळीची अक्का. तिच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. दारापुढे सगळी काळी माती. पावसाळ्यात खाटेचे पाय रुतायचे, काठी रुतायची; उन्हाळ्यात काठी भेगांत अडकायची. दोन वर्षं ती उंबऱ्याच्या आत बसून होती. गौराईची गाणी तिच्याइतकी कुणाला येत नसत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी आधी तिच्याकडे यायच्या. पण घर अंधारं आणि अरुंद. चार पोरी आत मावायच्या, बाकीच्या बाहेर ताटकळायच्या आणि मग झोक्याकडे पळायच्या. अक्काला बाहेर, त्यांच्या मधोमध बसायचं होतं. पाय फार उचलावा लागू नये म्हणून ओटा उंबऱ्यापेक्षा बोटभर खाली हवा होता. पाचोऱ्याहून शहाबादी फरशीही येऊन पडली होती.

आखाजीला चार दिवस उरले होते. पितांबर स्वतः खोदत होता. दुपारपर्यंत चर दोन हात खोल गेला, तरी माती काळीच. अक्का उंबऱ्यात बसून बघत होती.

"चिंधा, व्हयनं का रे?"

"व्हई अक्का, व्हई."

"मी मरी गऊ म्हंजे व्हई का?"

शेजारचा पंडित तंबाखू मळत उभा होता. तो म्हणाला, "नाना, ओटा बांधी राहिनात का विहीर खनी राहिनात? पानी लागनं तर माले बी दोन घागरी द्या."

सगळे हसले. चिंधानानाही हसला, पण ते त्याला लागलं. हल्ली लोक त्याच्या मागे म्हणत, नाना कामाला बरा, पण आयुष्य पुरत नाही.

त्याने उजव्या कोपऱ्यात पहार उचलून सोडली.

टण.

पितांबरने कुदळ टाकली. "वाजनी! नाना, वाजनी!"

चिंधानाना वाकलेलाच राहिला. तो आवाज मुरमाचा नव्हता. खाली कुठला तरी एकटा दगड होता. बाजूने उकरून बघायला हवं होतं. अजून तीन कोपरे राहिले होते. त्याला ते सगळं त्याच घडीला कळलं. पितांबर घामाने थबथबलेला होता. अक्का पुढे झुकली होती.

"चिंधा, वाजनी का?"

"वाजनी, अक्का," तो म्हणाला.

एवढाच एक शब्द. त्यानंतरचं काम त्याने जीव ओतून केलं. चुना दोनदा मळला, फरशीचा एकेक सांधा नखाने तपासला, पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या मधोमध ठेवून पाहिला. थेंबभर सांडलं नाही. आखाजीला अक्का ओट्यावर बसली आणि तिच्याभोवती वीस-पंचवीस पोरी बसल्या. सासरहून आलेली तिची लेक प्रमिला तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन गात होती. अक्का प्रत्येकीची चूक पकडायची. "ये ताईबाई, ते कडवं मांगे ऱ्हायनं! सासरले सगळं इसरी उनी का?" चिंधानाना समोरच्या लिंबाखाली बसून ऐकत होता. त्याला वाटलं, ओटा वीतभर तर आहे, घर थोडंच आहे? राहील.

भादव्यात ओट्याचा बाहेरचा काठ उचलला गेला. मग पावसाने आठवडाभर उघडीप दिली, तसा तो काठ पुन्हा खाली बसला, पण पहिल्यापेक्षा खाली. उंबरा आणि फरशी यांच्यात चार बोटांची फट पडली. पितांबर म्हणाला, पाऊस सरला की चुना भरू. चिंधानाना रोज तिकडून जायचा आणि ती फट बघायचा. "अक्काला बाहेर येऊ देऊ नका," हे सांगायला तो एकदा दारापर्यंत गेलाही. पण ते सांगायचं तर का, तेही सांगावं लागलं असतं. तो पितांबरच्या बैलांची चौकशी करून परत आला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी अक्काची काठी त्या फटीत गेली.

मांडीचं हाड वरून मोडलं होतं. बैलगाडीत गवताची गादी करून तिला भडगावला नेलं, तिथून जळगावला. दीड महिन्याने ती परत आली, पण पायावर उभी राहिली नाही. कुणी चिंधानानाला बोल लावला नाही. "काळी माती शे, तिनापुढे कोनं चालस?" असं पितांबरच त्याला समजावत होता. ते समजावणं त्याला सहन होईना. त्या दिवाळीनंतर त्याने नवं काम घेतलं नाही.

पुढच्या चैत्रात एका सकाळी तो पहार-कुदळ घेऊन पितांबरच्या दारात उभा राहिला.

"ओटा उकलस," तो म्हणाला.

पितांबर हळूच म्हणाला, "आते कोनासाठे, नाना?"

चिंधानानाने फरशीच्या सांध्यात पहार घातली.

पितांबर मदतीला आला तेव्हा त्याने त्याला नको म्हटलं. तीन दिवस तो एकटा खोदत होता. मधेमधे टेकायचा, पाणी प्यायचा, पुन्हा उतरायचा. उजव्या कोपऱ्यात, ठेचलेल्या दगडांच्या खाली, त्याला तो आवाज पुन्हा मिळाला. टण. त्याने बाजूने माती उकरली. जात्याची अर्धी तळी निघाली. तिच्याखाली पुन्हा काळी मातीच, अजून ओलसर. मुरूम त्याच्याही खाली दीड हातावर होता.

तो लागला तेव्हा चर त्याच्या गळ्यापर्यंत आला होता. त्याने पहार सोडली. खर्र करून ती थांबली.

आतून खाटेवरून अक्काचा आवाज आला, "आते लागना मुरूम."

चिंधानाना चरातच उभा राहिला. दार उघडं होतं, पण आतल्या अंधारात ती दिसत नव्हती.

"अक्का," तो म्हणाला, "तवय बी तुमले समजनं व्हतं?"

"चाळीस साल मी ते जातं वढं. फुटनं तवय मीच तठे पुरं व्हतं. मना जात्याना आवाज माले वळखू येस ना!"

"मंग बोलनात का नही?"

ती म्हणाली, "पोरी येनार व्हत्यात. तू बोलना नही, मी बी बोलनू नही."

त्याला वाटलं होतं, कधी ना कधी ती आपल्याला शिव्या देईल, आणि त्या आपण मुकाट्याने ऐकून घेऊ. तेवढी वाटही आता बंद झाली. त्याने उरलेल्या तीन कोपऱ्यांत खोदलं, प्रत्येक ठिकाणी पहार सोडली, आणि प्रत्येक वेळी आतून "हां" असा बारीक आवाज येईपर्यंत दुसऱ्या कोपऱ्याकडे गेला नाही.

त्या आखाजीला पोरी नव्या ओट्यावर बसून गायल्या. अक्काची खाट आत दाराशी सरकवली होती. कडवं चुकलं की ती आतून हाक द्यायची, पण आवाज आता उंबऱ्याच्या पुढे जेमतेम यायचा, आणि गाणं पुढे निघून गेलेलं असायचं.

त्यानंतर कितीक पावसाळे गेले. तो ओटा केसभर हलला नाही. लोक अजून म्हणतात, नानाचा ओटा. चिंधानाना मात्र त्याच्यावर कधी बसला नाही. पितांबरने कितीदा बोलावलं तरी तो समोरच्या लिंबाखालीच, मातीत बसायचा.