तिसरी बॅग

बॅगवाल्या काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन विटा बॅगेत ठेवल्या, चेन ओढली आणि बॅग कमरेइतक्या उंचीवरून सरळ फरशीवर सोडली. धप्पकन आवाज झाला. डीजेने डोळे गच्च मिटून घेतले.

"काही झालं नाही. बघा उघडून," काका म्हणाले.

विटांना काय होणार, हे अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आज कुणाशी वाकड्यात शिरायची त्याची छाती नव्हती. उद्या दुपारी निघायचं होतं आणि सकाळपासूनचं हे चौथं दुकान होतं.

"छान आहे की ही. घेऊन टाक," बायको म्हणाली.

आधीच्या तीन दुकानांतही ती हेच म्हणाली होती. एक बॅग तर अशी होती की तिच्यात कांदेसुद्धा धड घरी पोचले नसते, तीही हिला छान वाटली. एरवी ही बाई लाँड्रीत दिवसभर इस्त्रीच्या घड्या घालते आणि कॉलरला एक चुणी राहिली तर अख्खा शर्ट पुन्हा पसरते. आज मात्र तिला कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. तिचंही बरोबर आहे, डीजेला वाटलं. माझ्यापायी बिचारीची अर्धी रजा गेली.

आळीत सगळे त्याला डीजेच म्हणत. सासू तेवढी अजून 'ते गाणी लावतात' असं म्हणायची, तेही जरा आवाज उतरवून. वीस वर्षं लोकांना नाचवल्यावर गेल्या वर्षी कुठे त्याचं नाव हॉटेलांना कलाकार पुरवणाऱ्या एका मोठ्या एजन्सीच्या यादीत लागलं होतं. पहिलं काम डोंगरावरच्या हॉटेलात, चार महिन्यांचं. तिथे पोचून गाणी वाजवायचा मिक्सर उघडला, तर एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात नेणारी मधली सरकती दांडी मोडलेली. तिथे दुरुस्त करणारं कुणी नाही, तिसऱ्या दिवशी घरी. मग एका जहाजावर सहा महिन्यांचं काम मिळालं. तेव्हा आत फोम लावलेली चांगली बॅग घेतली, प्रवासभर मांडीवरून खाली ठेवली नाही. तरीही तीच दांडी, तशीच मोडलेली. मॅनेजरच्या तो अक्षरशः हातापाया पडला, पण पुढच्या बंदरावर त्याला उतरवलंच.

आता समुद्रकाठचं एक हॉटेल, आठ महिने. एजन्सीतल्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा असं झालं तर पुन्हा फोन करू नका." त्रेचाळिसाव्या वर्षी दुसरी यादी कुठून मिळणार होती? गाणी लावण्यापलीकडे त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"काका, याहून मजबूत नाही का?"

"पत्र्याची पेटी आहे. वरून ट्रक गेला तरी हरकत नाही."

"ती नाही चालणार. छोटं विमान आहे, पंधरा किलोच्या वर एक ग्रॅम घेत नाहीत. पेटीच नऊ किलोची असेल तर मिक्सर काय खिशात घालू?"

काका हसले. डीजेला हसू आलं नाही.

"बरं, असं करू," काका म्हणाले. "आधीची बॅग दाखवा. नवी देण्याआधी मी जुनी बघतो, ती माझी सवयच आहे. मार कुठे बसला ते कळलं की तिथे जाड अस्तर असलेली काढून देतो."

"ती कशाला?" बायको पटकन म्हणाली. जुनी बॅग तिच्याच खांद्यावर होती, मापासाठी आणलेला मिक्सर आत ठेवून. "ती आता जुनी झालीय. तुम्ही नवीनच दाखवा ना."

"अगं, दे की. बघू दे त्यांना."

तिने पट्टा खांद्यावरून काढला, पण हातातून सोडायला वेळ लावला. डीजेनेच बॅग ओढून घेतली, मिक्सर काढून काउंटरवर ठेवला आणि रिकामी बॅग काकांपुढे सरकवली.

काकांनी चष्मा चढवला. चारही कोपरे चाचपले, शिलाईवरून नख फिरवलं. मग झाकण उताणं करून त्याच्या आतल्या राखाडी फोमवरून तळहात फिरवत राहिले.

"मोडलं काय होतं?"

"ही दांडी." डीजेने मिक्सरवरच्या नव्या दांडीवर बोट ठेवलं. "मुळातून. दोन्ही वेळेला."

"अशी जाड दांडी मोडायची तर वरून चांगलाच भार यायला हवा." काकांनी फोमवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे अंगठ्याएवढा खळगा पडला आणि तसाच राहिला. "बघा. हा स्वस्तातला फोम. एकदा दबला की दबला, परत वर येत नाही. दांडी या झाकणाखाली मोडली असती तर इथे एवढा खड्डा दिसला असता. इथे एक रेघ नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बॅगेला उगाच दोष देताय. मोडलेलाच आत गेला होता तो." काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "थांबा, माळ्यावर एक आहे. आणतो." आणि ते शिडीवरून वर गेले.

मिक्सर भरायची ती. नेहमीच. तो सगळी बटणं तपासून मिक्सर तिच्या हातात द्यायचा आणि अंघोळीला जायचा, कारण तिच्यासारखं सामान कुणालाच भरता येत नव्हतं.

डीजे वळला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, काउंटरवरच्या कागदाची घडी घालत होती.

"तू हातात दिलास, तेव्हा चांगला होता," ती म्हणाली.

"आणि पहिल्या वेळी?"

"तेव्हाही."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. मॅनेजरसमोर जोडलेले हात त्याला आठवले. परत आल्यावर हीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती, तेही आठवलं.

"वर मलाच समजावत होतीस. जाऊ दे, नशीब म्हणून."

"हो."

"का पण?"

"मला वाटलं, हे मोडलं की परत येशील." तिने घडी उलगडली, पुन्हा घातली. "आलास की परत."

माळ्यावर काका काहीतरी ओढत होते. धूळ खाली पडत होती.

"मला आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं. दोन्ही वेळेला सांगितलं, नको जाऊस. तू म्हणालास, दिवस कसे जातील कळणारसुद्धा नाही." तिचा आवाज एकदम चिरकला. "तुला नाही कळत. तुला तिथे रोज नवी माणसं. तू नसलास की मी ओट्याशी उभ्याउभ्याच जेवते, ताटसुद्धा घेत नाही. आता आठ महिने. मी आज रात्रीही तेच केलं असतं."

डीजेने मिक्सरवरची दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून पाहिली. जायचं तर होतंच. नाही गेला तर तो संपला, हे तिलाही माहीत होतं.

काका काळ्या रंगाची बॅग घेऊन खाली उतरले, फडक्याने तिची धूळ झटकली. "ही शेवटची. याहून चांगली माझ्याकडे तरी नाही. पुढच्या गल्लीत भावाचं दुकान आहे, तिथे मिळेल. घालून बघा आत."

डीजेने मिक्सर उचलला. क्षणभर तसाच छातीशी धरून उभा राहिला. मग दोन्ही हातांनी तिच्यापुढे केला.

"तूच भर."

तिने मान वर केली. त्याचे हात मागे गेले नाहीत.

तिने मिक्सर घेतला. ओढणीच्या टोकाने त्याची वरची बाजू पुसली. आत ठेवला, वायर गुंडाळून कडेला सारली, झाकणाचा फोम दांडीला टेकत नाही ना ते वाकून पाहिलं आणि चेन सावकाश लावली. मग बॅग उचलून कानाशी नेली आणि हलवली. एकदा. पुन्हा एकदा.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

तिने नाक ओढलं. चेन पुन्हा उघडून डावीकडच्या कोपऱ्यात दोन बोटं घातली, ती तिथे सहज मावली.

"सैल आहे इथे. विमानात हलेल," ती म्हणाली. "तुमच्या भावाचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"